आधी किड्याला वाढा, मग बेडकाला

मागील अंकात बेडकाच्या काचपेटीतील ओलाव्याविषयी लिहिल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांनी ओलाव्याचा विषय बाजूला सारून आहाराचाच प्रश्न काढला. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे व्हाइट्स ट्री फ्रॉग या जातीचा बेडूक दीड वर्षापासून आहे. मी त्याला पहिल्यापासून फक्त रातकिडेच देत आलो आहे. तो चांगला धडधाकट दिसतो. तरीही त्याच्या आहारात काही उणीव राहत असेल का?

राहत असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र त्याचा सगळा दोष रातकिड्यांच्या माथी मारता येणार नाही. रातकिडा हे बेडकासाठी उत्तम भक्ष्य आहे. त्यात प्रथिने भरपूर असतात, तो सतत हालतो आणि बेडकाला पचतोही. अडचण एवढीच की किड्याला हाडे नसतात. त्याचे कवच कायटिनचे असते, त्यात चुन्याचा अंश जवळपास नसतो आणि त्यामुळे रातकिड्याच्या शरीरात फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या सुमारे सातपट असते. बेडकाला हवे असते ते याच्या नेमके उलट, म्हणजे एक भाग फॉस्फरसला दीड ते दोन भाग कॅल्शियम. हा तोल सतत बिघडलेला राहिला, तर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेऊ लागते. ही उचल अनेक महिने बाहेरून दिसत नाही. जेव्हा दिसते तेव्हा जबडा मऊ पडलेला असतो, पाय किंवा पाठीचा कणा वाकडा होऊ लागलेला असतो आणि बोटांना किंवा पायांना झटके येत असतात. म्हणून बेडूक धडधाकट दिसतो एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

रानातला बेडूकही किडेच खातो, मग त्याला हा आजार का होत नाही, असे आपण विचाराल. तो मुंग्या, भुंगेरे, कोळी, अळ्या, वाळवी, लहान गोगलगायी, गांडुळे असे हाताला लागेल ते खातो. गोगलगाईच्या शंखात चुना असतो, ओल्या पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या आयसोपॉडच्या कवचातही तो असतो, तर गांडुळाच्या पोटात मातीच भरलेली असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यांतील प्रत्येक जीव गिळला जाण्याच्या काही क्षण आधीपर्यंत काहीतरी खात असतो. कोणाच्या पोटात कोवळे पान असते, कोणाच्या पोटात परागकण, कोणाच्या बुरशी. बेडूक किड्याला आतल्या शिदोरीसकट गिळतो. उलट, डब्यात भरून विकायला ठेवलेला रातकिडा कित्येक दिवस पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बसून कोंडा कुरतडत असतो, किंवा तेवढेही त्याला मिळत नाही. असा किडा बेडकाला देणे म्हणजे भुकेल्या माणसाच्या हाती रिकामा डबा देण्यासारखे आहे.

यावरचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. पाळणारे त्यांना ‘गटलोडिंग’ आणि ‘डस्टिंग’ म्हणतात. गटलोडिंग म्हणजे किड्याचे पोट भरणे. रातकिडे आणल्यावर लगेच बेडकापुढे न टाकता त्यांना एक ते दोन दिवस वेगळ्या हवेशीर डब्यात ठेवावे आणि गाजर, रताळे, मोहरीची किंवा तत्सम हिरवी पाने यांच्या जोडीला कॅल्शियमयुक्त कोरडे खाद्य द्यावे. केवळ भाज्यांनी कॅल्शियमची तूट भरून निघत नाही. या कामासाठी बनवलेल्या खाद्यात साधारण आठ टक्के कॅल्शियम असावे लागते. पालक मात्र टाळावा, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पाणी वाटीत देऊ नये, रातकिडे त्यात बुडून मरतात; ओला कापूस किंवा भाजीचा रसदार काप पुरतो. हे जास्त कॅल्शियमचे खाद्य आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नये, कारण रातकिड्यांनाच ते सोसत नाही आणि ते मरू लागतात. ज्यांच्याकडे किड्यांचा मोठा साठा असतो, त्यांनी एरवी साधे खाद्य ठेवून बेडकाला द्यायच्या आधीच्या दोन दिवसांतच खाद्य बदलावे.

डस्टिंग म्हणजे किड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी चढवणे. एका पिशवीत चिमूटभर भुकटी घेऊन त्यात किडे टाकावे आणि पिशवी हलक्या हाताने हलवावी. किडे पिठात घोळल्यासारखे दिसले की पुरे. त्यांचा पार लाडू होण्याची आवश्यकता नाही. येथे एक चूक बहुतेकजण करतात. भुकटी लावलेले किडे संध्याकाळी पेटीत सोडून ते झोपायला जातात. रातकिडा अंग स्वच्छ ठेवणारा प्राणी आहे. तो काही तासांतच बहुतेक भुकटी झटकून आणि चाटून काढतो आणि पहाटे बेडकाच्या तोंडी कोराच जातो. म्हणून बेडूक जागा होऊन हालचाल करू लागल्यावरच, तो लगेच खाईल तेवढेच किडे सोडावेत.

कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड ३ जीवनसत्त्व लागते. अतिनील ‘ब’ किरण अंगावर पडल्यास ते त्वचेत तयार होते, परंतु साध्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे काचपेटी खिडकीशी ठेवल्याने हे काम होत नाही. पेटी तापून बेडूक संकटात येतो एवढेच. पेटीत हे किरण देणारा सौम्य क्षमतेचा यूव्हीबी दिवा लावावा किंवा ड ३ मिसळलेली कॅल्शियमची भुकटी वापरावी. वाढत्या पिल्लांना मी जवळजवळ प्रत्येक वेळी आणि प्रौढांना एक वेळ सोडून एक वेळ कॅल्शियम देतो. सर्व जीवनसत्त्वे असलेली भुकटी प्रौढांना आठवड्यातून एकदा देतो. यूव्हीबी दिवा असल्यास ड ३ची मात्रा त्या मानाने कमी करावी, कारण ते शरीरात साठून राहते आणि त्याचा अतिरेकही घातक असतो. भुकटीचा डबा उघडल्यावर त्यावर तारीख लिहून ठेवावी. ओलावा आणि उष्णता यांमुळे जीवनसत्त्वे हळूहळू नष्ट होतात, म्हणून सहा महिन्यांनी डबा बदलणे चांगले, मग तो अर्धा भरलेला का असेना.

प्रश्न : आहारात विविधता हवी असे सगळेच सांगतात, पण नेमके कोणते किडे किती द्यावेत? सध्या मी मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) देतो, कारण ते सांभाळायला सोपे आहेत.

सांभाळायला सोपे हे खरे, परंतु मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापटींहूनही अधिक असतो, म्हणजे या बाबतीत ते रातकिड्यांच्याही मागे आहेत. त्यांची पाठही बरीच कडक असते. नुकतीच कात टाकलेली पांढरी मऊ अळी मिळाली तर जरूर द्यावी, पण रोजचे जेवण म्हणून मीलवर्म नकोत.

रोजच्या जेवणाचा कणा मी तीन गोष्टींवर उभा करतो : रातकिडे, दुबिया जातीची झुरळे आणि गांडुळे. दुबिया झुरळे आवाज करत नाहीत, गुळगुळीत काचेवर चढू शकत नाहीत आणि पोटभर खातात, त्यामुळे गटलोडिंगसाठी ती रातकिड्यांहूनही सोयीची असतात. त्यांचा दोष एवढाच की पेटीत सोडताच ती मातीत शिरून बसतात. म्हणून ती चिमट्याने किंवा उंच काठाच्या वाडग्यात द्यावीत. गांडूळ मोठ्या आणि जमिनीवर राहणाऱ्या बेडकांसाठी फारच चांगले अन्न आहे आणि ज्यांना किडे हाताळण्याची किळस वाटते, त्यांना ते त्यातल्या त्यात बरे वाटते, असा माझा अनुभव आहे. मात्र खतनिर्मितीसाठी वापरली जाणारी बारीक तांबडी गांडुळे डिवचली गेली की कडवट पिवळसर स्राव सोडतात. अनेक बेडूक अशा गांडुळाला एकदा तोंड लावून थुंकून टाकतात आणि त्यानंतर चांगल्या गांडुळाकडेही संशयाने पाहतात.

याखेरीज आलटून पालटून द्यावे असे पुष्कळ आहे. रेशीमकिडे मऊ आणि पचायला हलके असतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत मुळातच फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक असते, आणि पोषक भक्ष्यांत असे उदाहरण विरळाच. पण येथेही एक गोम आहे. माउंटन चिकन नावाच्या मोठ्या बेडकांवर केलेल्या अभ्यासात दिसले की अळी अखंड गिळली गेली तर तिच्यातील बरेचसे कॅल्शियम न पचताच बाहेर पडते आणि तिची साल फोडून दिली तर त्याहून कितीतरी अधिक शोषले जाते. बेडकाला चावून खाता येत नाही, त्याच्या वतीने अळीला एक टाचणी आपणच टोचावी. मेणकिड्याच्या अळ्या, म्हणजे वॅक्सवर्म, ओल्या वजनाच्या सुमारे पाव भाग चरबीच्या असतात. आजारातून उठलेल्या हडकुळ्या बेडकाला त्या उपयोगी आहेत; इतरांना महिन्यातून एक-दोन वेळा, गोड पदार्थ म्हणून.

बेडकाला रातकिड्यांचीच सवय लागली असल्यास नवा किडा पहिल्या दिवशी नाकारला जाईल. निरोगी प्रौढाला एक-दोन दिवस उपाशी ठेवून, तो शिकारीला निघण्याच्या वेळी, चिमट्याने नवा किडा त्याच्या नाकासमोरून हळू सरकवत न्यावा. चिमट्याची टोके बोथट असावीत, कारण काही बेडूक चिमट्यावरच झडप घालतात. किडा केवढा असावा याचे जुने माप आजही उत्तम आहे : बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा तो लांब नसावा. बेडूक घास गिळताना डोळे मिटतो, ते चवीने नव्हे. डोळ्यांचे गोळे टाळूतून आत दाबले जातात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात.

प्रश्न : गेले दोन आठवडे आमचा बेडूक किड्यावर झेप घेतो, तोंड उघडतो, पण किडा निसटून जातो. त्याची भूक कमी झालेली नाही. त्याला दिसत नसेल का?

डोळे अधू असणे शक्य आहे. पण आपण वर्णन केलेले चित्र वाचून माझ्या मनात आधी दोन वेगळ्या शंका येतात आणि दोन्हींचे मूळ आहारात आहे.

पहिली शंका अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. बेडकाची जीभ पुढच्या बाजूने जबड्याला जोडलेली असते आणि मागचे टोक मोकळे असते. ती बाहेर उलटून पडते तेव्हा किडा पकडला जातो तो जिभेच्या मऊपणामुळे आणि तिच्यावरच्या चिकट लाळेमुळे. अ जीवनसत्त्व कमी पडले की जिभेवरील लाळ स्रवणाऱ्या पेशींच्या जागी कोरड्या, त्वचेसारख्या पेशी येऊ लागतात. जीभ किड्यापर्यंत पोहोचते, पण किडा तिला चिकटत नाही. पाहणाऱ्याला वाटते की जीभच आखूड झाली आहे, म्हणून या विकाराला ‘शॉर्ट टंग’ असे नाव पडले. बंदिस्त जागेत वाढवलेल्या वायोमिंग टोड या अतिदुर्मीळ भेकांमध्ये तो ठळकपणे आढळला होता. पेटीत वाढवलेल्या किड्यांत अ जीवनसत्त्व अगदीच कमी असते आणि गाजरातील कॅरोटीनपासून ते बनवण्याची क्षमता सगळ्या बेडकांत पुरेशी नसते. त्यामुळे आठवड्याच्या भुकटीच्या वेष्टनावर केवळ बीटा कॅरोटीन नव्हे, तर रेटिनॉल किंवा अ जीवनसत्त्व असे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. याचा अर्थ कॅरोटीन निरुपयोगी आहे असा मात्र नाही. लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅरोटिनॉइडयुक्त आहार मिळालेल्या बेडकांची त्वचा अधिक लाल झाली आणि त्यांचे प्रजननही सुधारले.

दुसरी शंका पहिल्या उत्तरात वर्णन केलेल्या हाडांच्या विकाराची आहे. जबडा मऊ पडला असेल तर तो झपकन उघडून मिटता येत नाही. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसवून समोरून पाहिले असता खालचा जबडा वाकलेला किंवा ओठांची रेषा नीट न जुळणारी दिसते का, ते पाहा. या दोन्हींपैकी काहीही असले तरी घरच्या घरी अ जीवनसत्त्वाचे थेंब पाजू नका. जास्त झालेले अ जीवनसत्त्व ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि एकातून सुटताना बेडूक दुसऱ्यात अडकतो. उभयचर प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा आणि जाताना आपण वापरत असलेल्या भुकट्यांचे डबे सोबत न्या. तोपर्यंत संथ चालणारी मऊ अळी चिमट्याने अगदी तोंडाशी धरून देता येईल.

प्रश्न : जिवंत किडे देणे मला मनापासून पटत नाही. बेडकाला फळे, भाज्या किंवा कोरड्या गोळ्यांची सवय लावता येईल का?

आपली अडचण मी समजू शकतो, पण बेडूक ती समजू शकत नाही. प्रौढ बेडूक मांसाहारी आहे आणि त्याचे डोळे हालचाल टिपण्यासाठी घडलेले आहेत. १९५९ साली लेटविन, मातुराना, मॅकॅलक आणि पिट्स या चौघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही मज्जातंतूंना प्रामुख्याने लहान, गडद, हलत्या ठिपक्याचीच दखल घेता येते. स्थिर अन्नाच्या ढिगात बसूनही बेडूक उपाशी मरू शकतो, तो यामुळे. फळ त्याच्या लेखी दगडासारखे असते.

अपवाद आहे, आणि तो इतका मजेदार आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्राझीलच्या किनारपट्टीवरील झेनोहायला ट्रंकाटा हा छोटा वृक्षबेडूक किड्यांबरोबर फळेही खातो आणि फुलात शिरून मधुरसही पितो. फुलातून बाहेर पडताना त्याच्या पाठीला परागकण चिकटलेले असल्याचे निरीक्षण २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्या पेटीत हा बेडूक असण्याचा संभव मात्र नाही.

कोरड्या गोळ्यांचा विचार करता येतो तो आफ्रिकन क्लॉड फ्रॉगसारख्या कायम पाण्यात राहणाऱ्या जातींच्या बाबतीत. या बेडकाला जीभच नसते; तो वासाने आणि पाण्यातील कंपनांवरून अन्न शोधतो आणि पुढच्या पायांनी ते तोंडात कोंबतो. त्याला बुडणाऱ्या गोळ्या चालतात, तरीही अधूनमधून गांडुळाचे तुकडे द्यावेत. पॅकमॅन फ्रॉग या जमिनीवर राहणाऱ्या, मोठ्या तोंडाच्या बेडकासाठी पाण्यात भिजवून मळायचे पीठही मिळते. त्याचा गोळा चिमट्याने हलवत दिल्यास बरेच पॅकमॅन तो खातात. इतर जमिनीवरच्या आणि झाडावरच्या बेडकांसाठी जिवंत भक्ष्याला पर्याय नाही. ते मनाला पटत नसेल, तर दुसरा प्राणी निवडणे दोघांच्याही हिताचे ठरेल.

प्रश्न : माझ्या पॅकमॅनला उंदराची पिल्ले फार आवडतात आणि तो कधीच नको म्हणत नाही. रोज एक दिले तर चालेल का?

चालणार नाही. पॅकमॅन नको म्हणत नाही, कारण रानात पुढचे जेवण केव्हा मिळेल याचा भरवसा नसलेल्या प्राण्याने नको म्हणायचे नसते. हा बेडूक दिवसच्या दिवस एका जागी मातीत रुतून बसतो. त्याचा खर्च नगण्य आणि आपण भरत असलेली जमा अवाढव्य. उंदराच्या पिल्लात चरबी फार असते आणि सातत्याने ती दिल्यास लठ्ठपणा तर येतोच, शिवाय काही बेडकांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर कोलेस्टेरॉलचा पांढुरका थर साचू लागतो, जो नंतर निघत नाही. पूर्ण वाढलेल्या पॅकमॅनला सात ते दहा दिवसांतून एकदा भरपेट जेवण पुरते; त्यात गांडुळे आणि झुरळे मुख्य असावीत. उंदीर द्यायचाच तर दोन-तीन महिन्यांतून एखादा. मासे देत असाल तर गोल्डफिश नकोत. त्यांच्यातील थायमिनेज हे विकर ब १ जीवनसत्त्वाचा नाश करते.

इतर जातींचे साधारण मान असे आहे की पिल्लांना रोज, मध्यम आकाराच्या प्रौढांना दोन-तीन दिवसांनी एकदा, तर इवल्याशा डार्ट फ्रॉगना रोज थोडे थोडे द्यावे. परंतु वेळापत्रकापेक्षा तराजू अधिक खरे बोलतो. स्वयंपाकघरातला, ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि झाकणाचा डबा एवढ्यावर दर पंधरवड्याला वजन करून वहीत टिपता येते. व्हाइट्स ट्री फ्रॉगच्या डोळ्यांवर आणि कानाच्या पडद्यांवर त्वचेच्या घड्या लोंबू लागल्या की जेवण कमी करायची वेळ झाली. पेटीचे तापमान खाली गेले असेल तर भूक आणि पचन दोन्ही मंदावतात. अशा वेळी आधी तापमान ठीक करावे, आग्रह करू नये.

प्रश्न : बागेत पकडलेले किडे दिले तर विविधता आपोआप येणार नाही का?

तत्त्वतः येईल, पण त्या किड्याने कोणते कीटकनाशक अंगावर घेतले आहे ते त्याच्याकडे पाहून कळत नाही आणि बेडकाची त्वचा असे विष सहज शोषून घेते. जेथे वर्षानुवर्षे फवारणी झालेली नाही याची आपल्याला स्वतःला खात्री आहे, तेथील नाकतोडे किंवा पतंग कधीतरी द्यायला माझी हरकत नाही. काजवे मात्र कदापि नकोत. त्यांच्यात हृदयावर आघात करणारी विषे असतात आणि एखाद-दुसरा काजवा खाऊन पाळीव सरडे दगावल्याची नोंद आहे. केसाळ सुरवंट, गांधीलमाश्या आणि भडक रंगाच्या अळ्याही टाळाव्यात. भलतेच काही गिळले गेल्यास बेडूक आपले जठरच तोंडातून बाहेर उलटे काढतो आणि उजव्या हाताने पुसून पुन्हा गिळतो, हे खरे आहे. पण प्रत्येक विषावर ही युक्ती वेळेत लागू पडेलच असे नाही.

प्रश्न : आमचा बेडूक स्वतःची कातडी ओढून खाताना दिसला. तो उपाशी आहे का?

नाही. बेडूक नियमितपणे कात टाकतो आणि ती खातो. त्यातील प्रथिने वाया जात नाहीत. त्या वेळी तो वेडीवाकडी तोंडे करतो, म्हणून पाहणारे घाबरतात. त्या दिवशी जेवण नाकारले तरी काळजी करू नये.

प्रश्न : डार्ट फ्रॉगला मुंग्या दिल्या तर तो विषारी होईल का?

या बेडकांचे विष रानातील मुंग्या आणि माइट यांच्यासारख्या भक्ष्यातील अल्कलॉइडपासून येते, हे बरोबर आहे. परंतु पेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या डार्ट फ्रॉगमध्ये ते नसते आणि घराच्या कोपऱ्यातील मुंग्यांनी ते येण्याची भीती बाळगू नये. तरी मुंग्या देऊ नयेत, कारण त्या चावतात.

प्रश्न : आमच्या बेडकांच्या जोडीने अंडी घातली असून आता त्यांतून टॅडपोल बाहेर आले आहेत. त्यांनाही किडेच द्यायचे का?

बहुतेक जातींच्या टॅडपोलना नाही. प्रौढ बेडूक मांसाहारी असला तरी त्याचे बहुतेक बेडूकमासे शेवाळ आणि कुजकी पाने खरवडून जगतात आणि त्यासाठी त्यांच्या पोटात घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले लांबलचक आतडे असते. त्यांना स्पिरुलिना, शेवाळापासून बनवलेल्या माशांच्या वड्या आणि उकळत्या पाण्यातून काढलेली लेट्यूसची पाने द्यावीत. थोडेसे प्राणिज खाद्यही चालते. पॅकमॅनचे टॅडपोल मात्र जन्मापासून शिकारी असतात आणि सर्वांत जवळचे भक्ष्य म्हणजे भावंड, म्हणून ते एकेकटेच वाढवावे लागतात. खाद्य थोडे आणि वारंवार द्यावे. उरलेले काढून टाकले नाही तर पाण्यात अमोनिया साचतो आणि उपासमारीपेक्षा कितीतरी अधिक टॅडपोल त्यानेच मरतात.

रूपांतर थायरॉइडच्या संप्रेरकामुळे घडते. गुडरनॅच या संशोधकाने १९१२ साली टॅडपोलना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खायला घातले, तेव्हा ते वेळेपूर्वीच इवले बेडूक झाले होते. हे संप्रेरक बनवण्यासाठी आयोडीन लागते, त्यामुळे अगदी शुद्ध, क्षारहीन पाणी आणि एकाच प्रकारचे खाद्य यांवर वाढलेले टॅडपोल काही वेळा पाय न फुटता तसेच राहतात. स्पिरुलिनाच्या जोडीला समुद्री शेवाळाचा अंश असलेले खाद्य दिल्यास सहसा ही वेळ येत नाही.

पुढचे पाय फुटल्यानंतर पिल्लू काही दिवस काहीच खात नाही. तोंडाची रचना नव्याने होत असते, आतडे आखडत असते आणि या काळात ते विरत जाणाऱ्या शेपटीवर गुजराण करते. तेव्हा खाद्य टाकून पाणी खराब करू नये. त्याला पाण्याबाहेर चढता येईल असा उतार तेवढा द्यावा. शेपूट संपली की मात्र त्याला त्याच दिवसापासून जिवंत आणि अतिशय बारीक भक्ष्य हवे असते : स्प्रिंगटेल नावाचे इवले, उड्या मारणारे जीव, न उडणाऱ्या फळमाश्या, टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, तेही भुकटी लावून. फळमाश्यांच्या बरणीतून नवी पिढी बाहेर पडायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि मोठ्या जातीच्या माश्या असतील तर आणखी अधिक. आपल्या टॅडपोलना मागचे पाय दिसू लागले असतील, तर पहिली बरणी आजच लावा आणि दुसरी एका आठवड्याने.